आधी दिवसा लाइट द्या, मग बिबट्याचं बोला : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी आंबेगाव तालुक्यातली शेतकरीण. घोडनदीच्या काठाला आमची वस्ती आहे. तीन एकर ऊस, एकरभर कांदा, दोन म्हशी. पत्र लिहायला घेतलं ते पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून, आणि पुरं करतेय घरी येऊन. मधे अकरा दिवस गेले. सुरुवातीला आपल्याला विनंती करायची असं ठरवलं होतं. आता विनंतीएवढा धीर उरलेला नाही, तरी माझ्याकडून कमीजास्त शब्द गेला तर मोठ्या मनाने घ्यावा.

त्या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या विजेच्या लाइनला, रात्रपाळी होती. पावणेबाराला पंपाची थ्री फेज लाइट आली आणि हे उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, गेले. थंडी होती म्हणून मानेला मफलर गुंडाळलेला. पाण्याचं बारं फोडायला वाकले आणि मागून बिबट्या मानेवर आला. मफलर होता म्हणून दात खोल गेले नाहीत, खांदा आणि पाठ मात्र फाडली. हातात खोरं होतं, ते मागे भिरकावलं तेव्हा सोडलं त्याने. शेजारचे भाऊजी ट्रॅक्टर घेऊन पोचेपर्यंत हे पाटाच्या कडेला बसून होते आणि पाणी तसंच वाहत होतं. मला पहिलं ते पाणीच दिसलं. बॅटरीच्या उजेडात लाल झालेलं.

जवळच्या सरकारी दवाखान्यात जखम धुतली, रेबीजची लस दिली. जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन तिथे नव्हतं. पुण्याला न्या म्हणाले. पहाटे अडीचला गाडी शोधायची कुठे? भाऊजींनी कांद्याचा पिकअप काढला. मंचर, राजगुरुनगर, चाकण, प्रत्येक खड्ड्याला ह्यांच्या तोंडून आवाज निघत होता आणि मी पाठीवरचा टॉवेल दाबून धरला होता. सत्तावीस टाके पडले. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. डाव्या हाताने म्हशीची धार निघत नाही, साहेब. ती आता मी काढते, आणि पोराने कॉलेज महिनाभर बाजूला ठेवलंय.

आता वचनाचं. दोन वर्षांपूर्वी आमची कालवड नेली तेव्हा गावात सभा झाली. एक मोठे अधिकारी आले होते. माइक हातात घेऊन म्हणाले, बिबट्याच्या गावांना दिवाळीपर्यंत दिवसा वीज मिळेल, शब्द देतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. ती दिवाळी गेली, पुढची गेली. सौर कृषी वाहिनीची योजना राज्यात 2017 साली जाहीर झाली, 2023 साली तिचीच 2.0 आली. पेपरात दर वेळी तेच वाक्य, शेतकऱ्याला दिवसा वीज. आमच्या डीपीवर आजही एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र.

त्याच सभेत आम्हाला शिकवलं होतं की वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, म्हणून रात्री वाकू नका, एकटे जाऊ नका, मोबाइलवर गाणी लावा. सांगणं खरं आहे, मी नाकारत नाही. पण न वाकता दारं कशी धरायची ते कुणी दाखवलं नाही. आणि दोघांनी जायचं तर दुसरा माणूस कोण? मी गेले तर घरात सासूबाई आणि गोठा कुणाच्या भरवशावर?

हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण भली बाई होती, मला दोन वेळा चहा आणून दिला. तिने विचारलं, "ताई, तुम्ही जंगलात कशाला राहता?" मला राग नाही आला. रडू आलं. कारण मंत्रालयातही हेच समजतात असं मला वाटतं.

साहेब, आम्ही जंगलात राहत नाही. जंगल तिकडे भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्याला. आमच्याकडे आधी बाजरी आणि हुलगा होता. मग कुकडी प्रकल्प झाला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आमच्या घोडनदीवरचं डिंभे, अशी पाच धरणं. डिंभ्याच्या पाण्यात मूळ आंबेगाव गावच बुडालं. कालवे आले, उपसा आला, ऊस आला, कारखाने आले. हे सगळं सरकारने केलं आणि आमचं भलं झालं, ते मी मान्य करते. पण त्या उसात आणखी कुणाचं तरी भलं झालं, ते कुणी लक्षात घेतलं नाही.

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा राहतो. बिबट्याची मादी तीन-सव्वातीन महिने गाभण राहते, दोन-तीन पिल्लं घालते आणि ती पिल्लं साधारण वर्ष-दीड वर्ष आईबरोबर फिरतात. गणित मांडून बघा. एका उसाच्या आयुष्यात एक वेत मोठं होतं. आत गारवा, जवळ पाणी, माणूस फिरकत नाही, आणि खायला वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास झाला, 2013 साली छापून आला. शेतांच्याच मुलखात, जिथे चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात तिथे, 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 मोठे बिबटे निघाले आणि जवळजवळ तितकीच तरसं. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. आमच्या वस्तीवर सात घरं आहेत, दोन वर्षांत अकरा कुत्री गेली. त्यासाठी मला अभ्यास वाचावा लागला नाही, पण वाचला, पोराने मोबाइलवर काढून दिला.

म्हणजे हा जनावर वाट चुकून आलेला नाही. उसात जन्मलेला आहे. तोडीला टोळी लागते, पाचटाखाली पिल्लं सापडतात, तेव्हा तुमच्याच खात्याची माणसं ती पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच फडात ठेवतात आणि रात्री आई येऊन उचलून नेते. मी स्वतः बघितलंय. तिचं घर कुठे आहे हे खात्याला ठाऊक आहे. मग भाषणात "जंगलात सोडू" हे कसं येतं?

सोडून झालेलं आहे, साहेब. आमच्याच जुन्नर वनविभागात. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मग बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडायला लागले. 2001 ते 2003 मध्ये हल्ले वर्षाला 17 झाले, आणि त्यांत जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. जिथे नेऊन सोडले त्या जंगलांच्या आसपास सगळ्यात जास्त. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं शिक्षण आहे हे, आमच्या लोकांच्या रक्ताने मिळालेलं, आणि तुम्ही लोक दर पाच वर्षांनी पाटी कोरी करता.

मोजणीचंही तसंच. 2022 च्या गणतीत देशात 13,874 बिबटे, महाराष्ट्रात 1,985. आकडा आला तेव्हा सत्कार झाले असतील. ती गणती मुख्यतः वाघांच्या जंगलांतली. उसातले बिबटे त्यात मोजलेले नाहीत. जे मोजलेलेच नाहीत त्यांचा बंदोबस्त कशावरून ठरतो? पिंजरे किती, माणसं किती, कशाच्या हिशेबाने?

लोहगावच्या विमानतळावर 2025 साली बिबट्या शिरला. चारी बाजूंनी भिंत, जागोजागी कॅमेरे, शिकलेली टीम, तरी एप्रिलमध्ये दिसलेला तो डिसेंबरात हाती लागला. मी त्या टीमला नावं ठेवत नाही, त्यांनी कुणाला इजा न होता काम केलं. पण भिंतीच्या आत आठ महिने लागतात, तर आमच्या हजारो एकर उसात एक वनरक्षक काय करणार? त्याच्याकडे एक पिंजरा आणि स्वतःच्या पेट्रोलची मोटरसायकल. लोक त्याला शिव्या देतात, कोंडून घालतात. तो पोरगा आमच्याच पोरांसारखा आहे. ह्यांच्या पंचनाम्याला आला तेव्हा दोन रात्री झोपलेला नव्हता.

पुण्याच्या सोसायटीत बिबट्या दिसला की दिवसभर टीव्ही चालतो. 2025 च्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, तेव्हा महामार्ग अडवल्यावर सरकार हललं. त्यानंतर तिथल्या बायामाणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले, ते फोटो आपण पाहिलेच असतील. असला पट्टा आमच्याकडे कुत्र्याला घालायची रीत आहे, वाघाने नरडं धरू नये म्हणून. माझ्या सासूबाईंनी तो फोटो बघितला आणि ताट सरकवलं.

मी बिबट्या मारा म्हणत नाही. आमच्या वरच्या अंगाला वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, माझं माहेर तिकडचं आहे. एक मारला, पकडला तर त्याची मोकळी जागा धरायला दुसरा येतो. गावाबाहेर कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं टाकणं आमचं आम्हाला थांबवायचंय, गोठे बंदिस्त करायचेत, ते आम्ही करू, आम्हाला कळतं. पण लाइट आम्ही पाडू शकत नाही.

ऊर्जेचं विचारलं तर सांगतात ते दुसरं खातं. पाण्याची पाळी तिसऱ्या खात्याची. औषध चौथ्या. बिबट्या तुमच्या खात्याचा. रात्री दोन वाजता बांधावर ही चारही खाती एका माणसाच्या अंगावर येतात आणि तो माणूस माझा नवरा असतो. हे मेले असते तर 25 लाख मिळाले असते. एवढी मोठी रक्कम सरकार देऊ शकतं, मग दिवसाची आठ तास वीज का देऊ शकत नाही? वर्षानुवर्षं मत मागायला येता तेव्हा कधी कुणी रात्री येतं का आमच्याकडे? सगळे दिवसा येतात. दिवसा आमच्याकडे भीती नसते.

मागणं एकच लिहिते, कारण दहा मागितली की नऊ फायलीत जातात. घोड, कुकडी, मीना नदीकाठच्या बिबट्याच्या गावांमध्ये शेतीची रात्रपाळी बंद करा. आपलं खातं नसेल तर ज्यांचं आहे त्यांच्या शेजारी मंत्रिमंडळात आपण बसता. त्यांना माझ्या नावाने सांगा.

ह्यांचा हात बरा होईपर्यंत दारं मी धरतेय. सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी आहे.

कळावे,
एक शेतकरीण,
ता. आंबेगाव, जि. पुणे

सोबत : हॉस्पिटलच्या बिलांच्या प्रती, पंचनाम्याची प्रत, आमच्या फीडरचं या महिन्याचं वेळापत्रक. त्यात लाल पेनने गोल केलेली रात्र ती आहे.