'पाहुणे कलाकार' या शब्दाची गफलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'गनस्मोक' या अमेरिकी टीव्ही मालिकेतील 'द जेलर' या भागावरचे टिपण वाचले. जुन्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदुकांच्या मालिकेला मराठी दैनिकात जागा मिळाली, याचे अप्रूप आहेच. पण हॉलिवूडची अभिनेत्री बेट्टी डेव्हिस हिला 'पाहुणी कलाकार' म्हणून एका ओळीत उरकले आहे, आणि नावावरून ती तुरुंगाधिकारी असावी असे गृहीत धरलेले दिसते.

आपल्याकडे पाहुणा कलाकार म्हणजे दोन मिनिटे येऊन टाळ्या घेऊन जाणारा. अमेरिकी वेस्टर्नमध्ये गोष्टच त्याची असते. मार्शल (कायद्याचा अंमलदार) मॅट डिलन, किटी, डॉक आणि फेस्टस हे 'गनस्मोक'चे कायमचे चौघे पुढच्या आठवड्यात जसेच्या तसे हवेत. ते मरू शकत नाहीत, फारसे बदलूही शकत नाहीत. त्यामुळे सूड, पश्चात्ताप, मरण हे सगळे बाहेरून आलेल्याच्या वाट्याला येते. 1 ऑक्टोबर 1966 रोजी दाखवलेल्या या भागात डेव्हिस ही एटा स्टोन आहे. नवऱ्याच्या फाशीबद्दल मॅटवर डूख धरून बसलेली विधवा. ती मुलांना हाताशी धरून किटीला पळवते, म्हणजे मॅट आपल्या पायाने चालत येईल. तुरुंगाधिकारी नव्हे, तिचे घर हाच तुरुंग, आणि मुलेही त्यातच अडकलेली.

डेव्हिस तेव्हा 58 वर्षांची होती, दोन ऑस्कर पदरी असलेली. तिच्या मुलांत ब्रूस डर्न आणि टॉम स्केरिट आहेत. दोघेही तिशीतले, नाव व्हायचे होते. ज्यूली सोमर्स ही सून सारा. हा भाग पाहताना बंदुकीकडे कमी आणि किटीसमोर उभ्या असलेल्या एटाकडे जास्त लक्ष द्यावे. किटी साकारणाऱ्या अमँडा ब्लेकला एरवी इतके तोडीस तोड कोणी क्वचितच मिळाले. डर्न या मालिकेत इतर भागांतही आहे, पण वेगळ्या पात्रांत. तेव्हा चेहऱ्यावरून भाग ओळखायला जाऊ नये.

टिपणासोबतचे छायाचित्र कृष्णधवल आहे, आणि आडवे ताणलेले. मालिका सप्टेंबर 1966 पासून, म्हणजे बाराव्या पर्वापासून रंगीत झाली. 'द जेलर' त्या पहिल्या रंगीत भागांतला. ताणण्याचे कारण सोपे आहे. मूळ चित्र 4:3, आजचा पडदा 16:9. पडदा भरण्यासाठी चित्र ओढले की रुंदी एक तृतीयांशाने वाढते. सोलापुरी चादर आडवी ओढली की नक्षीतल्या मोराचे बदक होते, तसेच. 'झूम' केले तर वर-खाली मिळून पाव चित्र उडते, आणि जवळून घेतलेल्या दृश्यांत कपाळ-हनुवटी दोन्ही जातात. टीव्हीच्या 'पिक्चर साइझ'मध्ये 4:3 निवडावे, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

लांबीही तपासावी. जाहिराती वगळता तासाचा भाग सुमारे 50 मिनिटांचा असे. तो 48 मिनिटांत संपला आणि आवाज किंचित चढा वाटला, तर काही कापलेले नाही. सेकंदाला 24 चित्रांची फिल्म आपल्याकडच्या 25 चित्रांच्या पद्धतीत पळवली, एवढेच. 44 मिनिटांत संपला तर मात्र कात्री लागली आहे. जाहिरातींना जागा करण्यासाठी बहुधा संवादाविना चाललेले क्षणच आधी जातात, आणि डेव्हिसचे निम्मे काम तिथेच आहे.

मालिका 1955 ते 1975 अशी 20 पर्वे चालली, भाग 635. त्यांतले 233 अर्ध्या तासाचे आणि 402 तासाचे. तासाच्या भागांतले 176 कृष्णधवल, 226 रंगीत. तासाचे भाग 1961 पासून सुरू झाल्यावर जुने अर्ध्या तासाचे भाग 'मार्शल डिलन' या नावाने पुन्हा दाखवले गेले. ती वेगळी मालिका समजून यादी करणाऱ्यांचा आकडा हटकून चुकतो. पर्व आणि भाग यांच्या क्रमांकांतही याद्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही. म्हणून शोधताना भागाचे इंग्रजी नाव आणि प्रथम प्रसारणाची तारीख, दोन्ही पडताळावे. पुरवणीत पुढे असे टिपण आले तर तारीख जरूर छापावी, आणि छायाचित्र न ताणता.

आपले,
काही वाचक, सोलापूर