ऑफिसचा पत्ता

मळा, पणजी
आषाढ शुद्ध अष्टमी, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मंगळवारी फोनवर तुम्ही माझ्या ऑफिसचा पत्ता मागितलात आणि मी ‘आवाज येत नाही’ म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. आईने मेतकूट आणि भाजणी केली आहे, ती ऑफिसवर पाठवावी म्हणजे दिवसा घ्यायला कोणीतरी असेल, इतका साधा विचार तुम्ही केला होता. पण द्यायला माझ्याकडे पत्ताच नव्हता. पणजीत माझ्या कंपनीचे ऑफिस नाही. गेले चार महिने मी कॅफेमध्ये बसून काम करते आहे. शिमग्यानंतर इकडे आले तेव्हा ‘तिथे कंपनीची जागा आहे’ असे म्हटले ते तुम्हाला घोर लागू नये म्हणून, आणि नंतर ते दुरुस्त करायला तोंड झाले नाही.

दुसरी गोष्टही याच पत्रात सांगून टाकते, म्हणजे पुन्हा फोन कापावा लागणार नाही. कर्वेनगरची खोली मी गेल्या महिन्यात सोडली. अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली, सामान नानाकाकांच्या माळ्यावर आहे, आणि काकांना गप्प राहायला मीच सांगितले होते, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. श्रावणात बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी घरी येणार आणि गणपती होईपर्यंत मिरजेलाच राहणार, यात काहीही बदल नाही. त्यानंतर मात्र पुण्याला न जाता, दसरा आटोपल्यावर, एक महिना म्हैसूर आणि पुढे कोची असे ठरवले आहे. तिकिटेही काढली आहेत.

खरे सांगायचे तर कंपनीला मी कुठून काम करते याच्याशी काही देणेघेणे नाही. सकाळी साडेदहाची मीटिंग चुकता कामा नये, इतकेच. मग ज्या खोलीत दिवसदिवस भिंतीशी बोलायचे, तिचे भाडे कशासाठी भरायचे? आई, दिवाळीत तू म्हणालीस की माझा आवाज बसल्यासारखा वाटतो आणि मला हळदीचे दूध दिलेस. ती सर्दी नव्हती. रात्री तुम्हाला फोन करेपर्यंत माझे दिवसभरात कोणाशी बोलणेच होत नसे.

बाबा, आपल्या घरात ‘तो हॉटेलात बसतो’ हे वाक्य कोणाविषयी आणि कोणत्या सुरात म्हटले जायचे, ते मला चांगले आठवते. म्हणूनच मी कशी जागा निवडते आणि तिथे कशी बसते हे नीट लिहिते आहे. वाचून झाल्यावर काय ते बोला.

नव्या जागी मी पहिल्या दिवशी लॅपटॉप नेत नाही. नुसता चहा घ्यायला जाते, आणि तोही जी वेळ कामाची असणार त्याच वेळी, कारण संध्याकाळी शांत वाटणारा कॅफे सकाळी अकराला मासळी बाजारासारखा असू शकतो. बसल्यावर आधी टेबलाखाली वाकून प्लगची जागा पाहते. सॉकेट ढिले असेल तर लॅपटॉपचा जड चार्जर त्यातून निसटतो, आणि ते आपल्याला बॅटरी संपत आल्यावरच कळते. मग फोनवर इंटरनेटचा वेग तपासते. कॅफेवाले अभिमानाने सांगतात तो डाउनलोडचा वेग असतो. माझा चेहरा आणि आवाज पलीकडे पोहोचतो तो अपलोडवर, आणि तो पुष्कळदा निम्माही नसतो. व्हिडिओ मीटिंगला दोन्हीकडे तीन-चार एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरतात; शंभरचा फलक लावून मध्येच तुटणाऱ्या वायफायपेक्षा ते बरे. शेवटी खुर्ची. ती उंच स्टुले दिसायला छान, पण त्यांवर तासभर बसले की कंबर मोडते. आई, तुझी पाठ मला वारशाने मिळाली आहे, त्यामुळे पाठ टेकता येईल अशीच खुर्ची धरते.

सध्याचे माझे टेबल फोंतैन्यश या पणजीतल्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या एका जुन्या घरात आहे. घराची खालची बाजू आता कॅफे झाली आहे. लाल कोब्याची जमीन, आणि खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने, ज्यांतून पावसाळी उजेड दुधासारखा आत येतो. आधी मी खिडकीकडे पाठ करून बसायची, तर मीटिंगमध्ये माझे तोंड काळे आणि भोवती प्रभावळ, एखाद्या देवीसारखी. आता खिडकीकडे तोंड आणि भिंतीकडे पाठ, म्हणजे चेहराही दिसतो आणि मागून कोणी स्क्रीनमध्ये डोकावत नाही. काउंटरवर कॉफीच्या बिया दळण्याचे यंत्र आहे. ते सुरू झाले की मी माइक बंद करते, आणि तिथला मुलगाही माझ्या कानाला हेडफोन दिसला की दळण थोडे पुढे ढकलतो. तो दोडामार्गचा आहे, माझ्याशी मालवणी-मराठीत बोलतो. गेल्या आठवड्यात धो-धो पावसात वीज गेली तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे बघून तो लगेच म्हणाला, ‘बाय, करंट गेलो, पूण वायफाय आसा.’ कारण पहिल्याच दिवशी मी त्याला विचारून ठेवले होते की वायफायचा डबा इन्व्हर्टरवर आहे का. गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रश्न वेगापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ ठिकाणी दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात आणि नेमका तो डबा नसतो. अडीनडीला माझ्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आहेत, तेव्हा फोनवरून जोडून घेते. तासाभराच्या व्हिडिओ मीटिंगला अर्धा ते दोन जीबी डेटा जातो, म्हणून तो उपाय रोजचा नाही.

एक प्रसंग मात्र लपवत नाही. एप्रिलमध्ये, दुसऱ्याच एका कॅफेत, मी चारजणांच्या टेबलावर एकटी बसले होते. दुपारचा एक वाजला होता, दारात मुलाबाळांसह एक कुटुंब उभे होते, आणि माझ्यासमोर दोन तासांपूर्वी संपलेला चहाचा कप. वेटर आला आणि न मागता बिल ठेवून गेला. काही बोलला नाही, नुसती बडीशेपेची वाटी त्यावर ठेवली. बाबा, मला त्या क्षणी तुम्ही दिसलात. गर्दीच्या गाडीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांविषयी तुम्ही जे बोलायचात ते सगळे आठवले आणि कान गरम झाले. त्या दिवसापासून माझे नियम पक्के आहेत: दीड-दोन तासांनी काहीतरी मागवायचेच, दोघांच्याच टेबलावर बसायचे, साडेबाराला जागा सोडायची, आणि फोनवर मोठ्याने बोलायचे असेल तर बाहेर ओटीवर जायचे. दिवसाला अडीचशे-तीनशे रुपये जातात. महिन्याचा हिशेब वहीत आहे, घरी आल्यावर दाखवीन. खोलीच्या भाड्यापेक्षा तो कमीच भरतो.

पणजीतल्या जुन्या ठिकाणी तर मी लॅपटॉप उघडतच नाही. कॅफे भोसले किंवा ताटोमध्ये जायचे ते पातळ भाजी, पाव आणि गरम बन खायला. तिथे अनोळखी माणसे एका टेबलावर येऊन बसतात, खातात आणि उठतात. आपल्या पुण्याच्या गुडलकमध्ये बनमस्का खाताना कोणी संगणक उघडून बसले तर कसे दिसेल, तसेच ते. हणजुणे-आसगावकडचे झाडांखालचे कॅफे फार सुंदर आहेत आणि तिथे माझ्यासारखे काम करणारे पुष्कळ भेटतात, पण जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो आणि दुपारी मागच्या टेबलावर वाढदिवस सुरू होतो. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेले, तर पावसाळ्याआधी उतरवतात, आणि एरवीही वाळू आणि खारा वारा लॅपटॉपचे शत्रूच.

दुपारी एक ते चार इथली बरीच दुकाने मिटतात, गाव वामकुक्षी घेते. त्या वेळी मी पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. हे तुम्हाला फार आवडेल, बाबा. 1832 साली, पोर्तुगीज काळात सुरू झालेले ग्रंथालय आहे, आणि वाचनकक्षात मराठी वर्तमानपत्रे उघडून तुमच्या वयाची मंडळी अशी बसलेली असतात की मला एखादा चेहरा तुमचाच वाटतो. तिथे फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिण्याचे, हिशेबाचे काम तेव्हासाठी राखून ठेवते. डोळा बरा झाला की तुम्हाला आठ दिवस इथे आणणार आहे. गोवा एक्स्प्रेस मिरजेहून थेट मडगावला येते, आईला कुठे गाडी बदलायचा त्रास नाही.

आई, आता तुझ्या शंका. मी बाहेरचे खाऊन राहत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे इथला पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घेते, आणि रात्री घरमालकीणबाई त्यांच्या स्वयंपाकघरात मला पोळी-भाजी करू देतात. खोली पहिल्या मजल्यावर आहे. मळ्यात पावसाचे पाणी साचते हे तू बातम्यांत पाहिले असशील, ते खालच्या रस्त्यावर, माझ्यापर्यंत येत नाही. मारुतीच्या देवळाची घंटा खोलीत ऐकू येते. अंधार पडल्यावर मी कोणत्याही कॅफेत काम करीत बसत नाही, आणि लॅपटॉप टेबलावर सोडून हात धुवायलासुद्धा जात नाही, पिशवीत घालून सोबत नेते. (हे वाचून तू हसशील. शाळेत असताना मी डबा असाच सगळीकडे घेऊन फिरायची.)

आणखी एक: कॅफेच्या वायफायवर मी बँकेचे काही करीत नाही. पैशांचे व्यवहार फोनच्या स्वतःच्या इंटरनेटवर, आणि कंपनीच्या कामासाठी कंपनीने दिलेले व्हीपीएन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणारी सोय, चालू असते. बाबा, हाच नियम तुम्हालाही लागू आहे. स्टेशनवर फिरायला गेलात की तिथल्या फुकट वायफायवर पेन्शनचे खाते उघडून पाहता, हे मला आईने सांगितले आहे. तसे करू नका. मागच्या वर्षीचा तो फोन आठवा.

म्हैसूर आणि कोचीचीही मी आतापासून चौकशी केली आहे. म्हैसूरच्या गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांमुळे बसून काम करण्यासारखे कॅफे आहेत, म्हणून खोली तिथेच चालत जाण्याच्या अंतरावर पाहते आहे. उभ्या उभ्या फिल्टर कॉफी आणि डोसा देणारी ठिकाणे फक्त खाण्यासाठी. कोचीत इंडियन कॉफी हाउस आहे, तुरेवाले फेटे बांधलेल्या वेटरांचे, कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवलेले. तिथेही कॉफी घ्यायची आणि उठायचे. कामासाठी फोर्ट कोचीतली जुन्या वाड्यांमधली ठिकाणे बघणार आहे. दोन्हीकडे पहिले तीन दिवस सुट्टी टाकली आहे, ते फक्त जागा पारखण्यासाठी.

तुम्हाला वाटेल, एवढ्या गोंगाटात हिचे लक्ष कसे लागते. बाबा, ही सवय तुम्हीच लावलीत. आईची कोल्हापूरची गाडी येईपर्यंत तुम्ही मला एक नंबर फलाटाच्या बाकावर बसवून पाढे म्हणायला लावायचात. इंजिनाची शिट्टी, हमालांची हाक, चहावाला, आणि मधोमध माझा एकोणतिसाचा पाढा. चुकले की तुम्ही रागवायचा नाहीत, भुईमुगाच्या शेंगांची पुडी पुढे करायचात आणि म्हणायचात, ‘पुन्हा एकोणतीस सक.’ शांत खोलीत मला आजही तो पाढा नीट येत नाही.

आता माझे ऐका. डोळ्यांत सांगितलेले थेंब सांगितलेल्या वेळीच घालायचे, ‘आज बरे वाटते’ म्हणून टाळायचे नाहीत, आणि दुपारी आभाळ झाकोळलेले असताना खिडकीशी बसून शब्दकोडे सोडवायचे नाही. माळ्यावर कोणीही चढायचे नाही, दोघांनीही. आई, रक्तदाबाची गोळी अर्धी करून पुरवण्याची काटकसर मला कळली आहे; पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या मी दुकानदाराला सांगून घरपोच दिल्या आहेत, पूर्ण गोळी घे. एकादशीचा उपास असला तरी गोळी घ्यायचीच. आत्याला खोलीचे सध्या सांगू नका, मी येऊन सांगेन. आणि जे लपवले त्याबद्दल रागवायचे असेल तर बुधवारी रात्री नऊनंतर फोन करा. या वेळी आवाज येईल.

तुमची,
चिमी

ता. क. – पार्सल घरमालकीणबाईंच्या पत्त्यावर पाठवा, त्या दिवसभर घरीच असतात. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. मेतकूट पिशवीत बांधू नका, इथल्या दमट हवेत दोन दिवसांत त्याचे गोळे होतात. निळ्या डब्यातून पाठवा. हो, त्याच. श्रावणात परत घेऊन येईन.