पोर हासत नही

अमळनेर

प्रिय भाऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "किती ताप आला की दवाखाना गाठायचा?" दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून "मग सांगतो" म्हणालो आणि राहूनच गेलं. आता सावकाश लिहितो. पारोळ्याला माहेरी असलेल्या वहिनींनाही फोनवर वाचून दाखव.

तुझी लेक दोन महिन्यांची. तिचा हिशोब सोपा आहे: थर्मामीटरवर १००.४ दिसलं की निघायचं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, घरचे "दात येत असतील" म्हणोत (दोन महिन्यांत कसले दात!), पारोळ्यात जो दवाखाना उघडा असेल तो गाठायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरीच औषध पाजून वाट बघायची नसते. ती दूध ओढेनाशी झाली किंवा अंग गार पडलं, तर ताप नसला तरी तेच.

मोठ्या पोरांचं वेगळं. तिथे आकड्यापेक्षा पोर बघायचं. हे मी ठेच लागल्यावर शिकलो.

मागच्या श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आठवड्यात, धाकट्याला तीन दिवस १०३ ताप. औषधाने जरा उतरला की अंगणात पळायचा, म्हणून आई निवांत. मीच तासातासाला थर्मामीटर काखेत खुपसायचो. चौथ्या दिवशी सकाळी ९८. मी सुटलो, जाऊन दुकान उघडलं. आईने खीर-रोट पुढे केला तर हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. पोट दुखतंय म्हणाला, दोनदा ओकला. आईचा फोन आला, "ताप ते उतरी गया, पन पोर हासत नही." मी उलट तिच्यावरच खेकसलो, "अशक्तपणा असेल!" दुपारी जेवायला आलो आणि त्याचे तळपाय हातात घेतले, तर माठासारखे गार.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवी कधी केली?" घरात एकालाही सांगता येईना.

डेंग्यू निघाला. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेले ड्रम, त्यातलेच डास, दुसरं काय. डॉक्टरांनी समजावलं की डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं. पुढचे एक-दोन दिवस खरे जोखमीचे. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, सुस्ती, यातलं एक दिसलं तरी थांबायचं नाही. आणि डेंग्यूची शंका असेल तर ताप-दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नाही. सलाईन लावलं, पोरगं वाचलं.

लेक मोठी झाली की लागेल म्हणून सांगतो: पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, आणि ५ मिलीत कुठल्या बाटलीत १२५ मिलिग्रॅम असतं, कुठल्यात २५०. आमच्या घरी पोह्याचा चमचा हेच माप होतं! तापात झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी डॉक्टरला दाखवायचंच. श्वास लागला, मान ताठ झाली, पोर हाक मारूनही नीट जागं होईना, तर थर्मामीटर शोधत बसू नको.

वहिनींच्या माहेरी थर्मामीटर आहे का, तेवढं विचार. नसेल तर रविवारी मी पारोळ्याला जातोच आहे, नवा घेऊन जातो. आई कळण्याचं पीठ पाठवतेय, तेही पोचवतो.

तुझाच,
दुकानवाला