खारे पाणी, फेकून दिलेला थर्मोस्टॅट आणि तापणाऱ्या जीपगाड्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैशाख लागला की परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटात आणि आमच्या दर्यापूर भागातल्या रस्त्यांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या दिसू लागतात. शेजारी पाण्याचा डबा घेऊन चालक उभा असतो आणि "गाडी म्हातारी झाली, तापणारच," असे तो हमखास सांगतो. दोन उन्हाळे मीही हेच म्हणत होतो. त्या समजुतीपायी झालेला खर्च इतरांचा तरी वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे १९९७ सालची डिझेलवर चालणारी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी जीप आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्याने शेतापर्यंत पोहोचायला ट्रॅक्टर सोडला तर दुसरे वाहन कामाचे नाही, म्हणून ती विकण्याचा विचार कधी मनात आला नाही. गावात आणि शेतात हळू चालवताना तिच्या तापमानाचा काटा मध्यावर राहत असे. पण माल भरून मोठ्या रस्त्याला लागले किंवा घाट चढू लागले की दहा-पंधरा मिनिटांत तो लाल पट्ट्याला टेकायचा. तालुक्याच्या गावातल्या एका मेकॅनिकने पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्हच काढून फेकला, कारण "व्हॉल्व्ह काढला की पाणी मोकळे फिरते." दुसऱ्याने इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण खोलून त्याखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट बदलले. दोन्हींनी काडीचा फरक पडला नाही.

गॅस्केट गेल्याची खूण आधी पाहता येते, हे मला नंतर कळले. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचे, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी हवेने गार करणाऱ्या जाळीचे झाकण उघडे ठेवले आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, इंजिन गरम होण्यापूर्वीच वरचा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, दगडासारखा कडक झाला, ऑइल दुधाळ दिसले किंवा पांढरा धूर थांबेना, तरच हेडकडे संशय न्यावा. माझ्या गाडीत यातले एकही लक्षण नव्हते. गाडी नेमकी कधी तापते हे मात्र मी दोघांनाही सांगितले होते आणि निदान खरे तर त्यातच होते. उभी असताना किंवा हळू चालताना गाडी तापत असेल तर हवा कमी पडते, म्हणजे पंखा, पट्टा किंवा पंख्याभोवतीचे आवरण पाहावे. वेगात किंवा ओझ्याखाली तापत असेल तर बहुधा रेडिएटरमधून पाणीच पुरेसे जात नाही.

शेवटी अमरावतीच्या एका वयस्कर रेडिएटर कारागिराने वरची टाकी डाख सोडवून काढली आणि आतल्या नळ्या मला दाखवल्या. अर्ध्याहून अधिक नळ्या पांढऱ्या-पिवळ्या थराने बुजलेल्या होत्या. "पाणी कोठले भरता?" एवढेच त्यांनी विचारले. मी घरच्या बोअरचे म्हणून सांगितले आणि उत्तर मलाच कळले. आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल इतके क्षारयुक्त आहे की अनेक गावांत त्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही. ज्या पाण्यात आम्ही वरण लावत नाही, ते रेडिएटरमध्ये मात्र वर्षानुवर्षे बिनदिक्कत ओतत आलो.

हे एकदा ओतून संपत नाही, हीच यातली खरी गोम आहे. बहुतेक जुन्या जीपगाड्यांना पाणी परत ओढून घेणारी बाटली नसते. गरम झालेले पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर सांडते आणि चालक रोज सकाळी तेवढेच पुन्हा भरतो. पाणी वाफेने उडते तेव्हा क्षार मागे राहतात आणि प्रत्येक भरणीबरोबर नवे क्षार आत येतात. इंजिनाच्या आतल्या वॉटर जॅकेटच्या, म्हणजे पाणी फिरण्याच्या पोकळ्यांच्या भिंतींवर त्यांचा थर चढतो आणि तो धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. शिवाय खाऱ्या पाण्याने वॉटर पंपाचे पातेही खाल्ले जाते. नळ्या पूर्ण बुजल्या असतील तर बाजारातले फ्लशिंगचे औषध त्यांच्यात शिरतच नाही. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरला अशा वेळी रॉडिंगच करावे लागते, म्हणजे टाकी काढून प्रत्येक नळीतून सळई फिरवायची आणि पुन्हा डाख द्यायचा. हे काम करणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत, ही खंतही जाता जाता नोंदवतो.

थर्मोस्टॅट काढण्याच्या प्रथेबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ती उपाय म्हणून रूढ झाली आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि इंजिनाला योग्य तापमानावर आणतो. तो नसला की हिवाळ्यात इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते आणि सिलिंडरची झीज वाढते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की काही इंजिनांत पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढून टाकला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट पंपाकडे परततो आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट अडकतो हे खरे, पण तो तपासणे घरीही जमते. पातेल्यातल्या पाण्यात तो दोरीने लटकवावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागतो का, हे पाहावे. न उघडल्यास नवा घ्यावा. त्याची किंमत हेड खोलण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडेही कोणी पाहत नाही. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तेच पाणी दर चौरस इंचाला १३ ते १५ पौंड दाब धरणाऱ्या झाकणाखाली १२० अंशांच्या जवळपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग ढिली झाली की हा सगळा फायदा जातो आणि घाटात गाडी वाफा सोडू लागते. मात्र झाकण गाडीला नेमून दिलेल्या दाबाचेच बसवावे, नाहीतर जुन्या रेडिएटरचे डाख सुटतात. खालचा होजही पाहावा. तो मऊ पडला असेल तर इंजिनाचा वेग वाढताच पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि गाडी उभी असताना हा दोष दिसत नाही.

माझ्या गाडीला रॉडिंग, नवा थर्मोस्टॅट, नवे झाकण आणि पाणी साठवणारी बाटली, एवढेच लागले. त्यानंतर कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे रसायन) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे म्हणून कूलंट टाळणारे बरेच आहेत, पण गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढवणे हे त्याचे काम विदर्भाच्या ४५ अंशांतच अधिक गरजेचे आहे. भरताना गाडीचे तोंड थोडे चढाकडे ठेवून, झाकण उघडे ठेवून इंजिन चालवावे आणि आत अडकलेली हवा निघून जाऊ द्यावी. जुने कूलंट काढाल तेव्हा ते गोठ्याजवळ किंवा अंगणात सांडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि जनावरे व कुत्री ते चाटतात.

शेतात जाणाऱ्या गाडीबद्दल आणखी थोडे. सोयाबीन-तुरीच्या काढणीनंतर कुटार आणि कापसाचा तंतू रेडिएटरच्या पत्र्यांत इतका बसतो की समोरून हवाच जात नाही. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. चिखलातून बाहेर आल्यावर फोर व्हील काढायचे विसरून डांबरी रस्त्याने जाणारेही मी पाहिले आहेत. त्याने टायर आणि गिअर तर झिजतातच, शिवाय इंजिनावर विनाकारण ओझे पडते.

वाटेत काटा चढलाच तर सावलीत थांबून इंजिन काही क्षण मंद गतीवर चालू द्यावे. काटा खाली येत नसेल, किंवा पाणी गेले असेल अथवा पट्टा तुटला असेल, तर लगेच बंद करावे. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी चेहऱ्यावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्याने हेडला तडा जातो, आणि मग खरोखरच हेड खोलावे लागते.

आपल्या पत्राद्वारे खारपाणपट्ट्यातील पेट्रोल पंप आणि ढाबे चालवणाऱ्यांना एक विनंती करतो. वाटसरू रेडिएटरसाठी पाणी मागतात तेव्हा त्यांना बोअरच्या नळाकडे न पाठवता, छपरावरून साठवलेले पावसाचे किंवा आर.ओ.चे पाणी भरलेला एक ड्रम "रेडिएटरसाठी" अशी पाटी लावून ठेवावा. अडचणीला तेवढे पाणी भरपूर होते, आणि पुढे गावी पोहोचल्यावर चालक डिस्टिल्ड वॉटर व कूलंट भरू शकतो.

आपला नम्र वाचक,
एक शेतकरी,
ता. दर्यापूर, जि. अमरावती