सुरुंगाची पेरणी

पुणे, रविवार

प्रिय वसंता,

तुझं पत्र पोचलं. शेजाऱ्याने बांध कोरून हातभर रान खाल्लं म्हणतोस. त्यावर सविस्तर लिहायचंय, पण काल काकांबरोबर वानवडीला गेलो होतो, ते डोक्यातून जात नाही.

काका खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, तुला ठाऊक आहे. त्यांचा जुना जोडीदार कृत्रिम अवयव केंद्रात पाय बदलून घ्यायला आला होता. केंद्र १९४४चं, महायुद्धाच्या काळातलं. त्याचा पाय गेला तो सुरुंग काढताना.

डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली. पंजाबात ऐन गव्हाच्या हंगामात यांनी शेतांत सुरुंग पेरले. पेरले! शब्द बघ आपला. काका सांगत होते, एक म्हातारा सरदार रोज तारेपाशी येऊन उभा राहायचा. जमीन त्याची, बोअर मधोमध. एकच विनवणी, "बोअरपर्यंत पायवाट तेवढी सोडा." नकाशात पायवाट नव्हती. गहू पाण्यावाचून उभ्या उभ्या वाळला.

ऑक्टोबर २००२मध्ये फौज मागे घ्यायचं ठरलं आणि काढणी सुरू झाली. ती पेरणीहून कठीण. पायदळाविरुद्धचा छोटा सुरुंग प्लास्टिकचा, तळहातात मावणारा, शंभरेक ग्रॅमचा. लोखंड नावालाच, त्यामुळे यंत्राला सहज सापडत नाही. तिकडे राजस्थानात वाळू सरकते, काश्मीरच्या उतारांवर बर्फ आणि पाऊस त्याला खाली नेतात. कागदावर एक जागा, जमिनीत दुसरी. सुरुंगाला सैनिक कोण आणि चाऱ्याला गेलेली बाई कोण, कळत नाही. म्हैस पुढे गेली तर म्हैस.

असल्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७च्या ओटावा करारावर आपली सही नाही. पाकिस्तान आणि चीनचीही नाही. काका म्हणाले, "एवढी सीमा माणसांनी कशी राखायची?" मला उत्तर सुचलं नाही, आणि पटलंही नाही. आपल्या पुण्याचंच बघ ना, दापोडीला लष्कराच्या कॉलेजात सुरुंगांचं शिक्षण देतात आणि वानवडीला पाय बसवतात.

जोडीदार नवा पाय घालून दांड्यांमधून चालत होता. मध्येच थांबून काकांना म्हणाला, "त्या सरदाराचं रान आपण साफ केलं होतं ना?" काका म्हणाले, "केलं होतं." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

असो. मोजणीची तारीख कळव, मी येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंता