मागच्या दाराचा सेल

पुणे,
श्रावण शुद्ध षष्ठी

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर आपलं काय होतं ते परवा दिसलंच. तुम्ही कानातलं मशीन काढून ठेवलंत आणि मी इकडे एकटीच ओरडत राहिले. शिवाय कागदावरचं तुम्ही फायलीत लावता, आणि फायलीत लागलेलं खरं मानता. म्हणून हे पत्र.

आधी माफी. मंगळवारी रात्री अकरा वाजता नानांना झोपेतून उठवून मी आपल्या घरी पिटाळलं. माझ्या मोबाइलवर ‘मागचं दार : संपर्क नाही’ असं आलं, तुमचे दोन्ही फोन लागेनात, आणि डोक्यात नको नको ते येऊन गेलं. नाना बिचारे एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन भर पावसात आले, तर तुम्ही दोघं आत घोरताय. कारण काय, तर आईच्या साखर मोजायच्या मशीनचा सेल संपला, चिपळूणला जाणं झालं नाही, आणि बाबांनी मागच्या दारावरच्या, मी बसवलेल्या चोरघंटेच्या डबीतला सेल काढून त्यात घातला. दोन्हीकडे तोच, नाण्यासारखा चपटा सीआर २०३२. बाबा, तो सेल दोन्हीकडे एकच आहे हे तुमच्या लक्षात आलं याचं मला खरं तर कौतुक वाटलं. साखर किती आली ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. आई, टाळू नकोस.

आता त्या डबीबद्दल. मे महिन्यात मी ती बसवत होते तेव्हा बाबा शेजारी स्टूल धरून उभे होते आणि त्यांनी विचारलं होतं, “आत असतं काय?” मी म्हटलं, “सेन्सर.” वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं. तेव्हा घाई होती, दुसऱ्या दिवशीची गाडी होती. आज नीट सांगते.

डबीचे दोन तुकडे आहेत. चौकटीवरचा मोठा आणि दाराच्या फळीवरचा छोटा. छोट्यात नुसता लोहचुंबक आहे, दुसरं काही नाही. मोठ्यात सेल आहे आणि गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब अशी काचेची एक बंद नळी. तिच्यात लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात. दार लावलेलं असलं की चुंबक जवळ असतो, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. दार उघडलं, चुंबक लांब गेला, की पट्ट्या आपल्याच ताठरपणाने सुटतात. तेवढं झालं की आतला छोटा प्रक्षेपक जागा होतो आणि माजघरातल्या भोंग्याच्या पेटीला ओरडून सांगतो, उघडलं! एरवी तो झोपलेला असतो, म्हणून एवढासा सेल वर्ष-दीड वर्ष पुरतो. ही काचेची नळी १९३६ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी तयार केली. त्याच्याही आधीची गोष्ट तुम्हाला जास्त आवडेल. १८५३ साली बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलच्या ऑगस्टस पोपने चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की मंडल पूर्ण होणार, विद्युतचुंबक हातोडी ओढणार आणि घंटा वाजणार. म्हणजे तुम्ही आठवीला लाकडी फळीवर करून दाखवायचात तीच विद्युतघंटा. पोपची तारांनी जोडलेली होती, आपल्याकडे तारेच्या जागी रेडिओलहरी आहेत, इतकाच फरक.

लहरी ४३३ मेगाहर्ट्झच्या आहेत, म्हणजे तरंगलांबी साधारण ६९ सेंटिमीटर. तुम्ही ताळा करून बघालच. आपल्या जांभ्याच्या भिंती दीड फूट जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या. ओल्या चिऱ्यातून लहर जाताना दमते. म्हणून पेटी देवघरातून काढून माजघरात आणली, आई. तुला वाटलं की मला देवाशेजारी ती वस्तू खपली नाही. तसं काही नव्हतं, तिथून न्हाणीकडच्या खिडकीचा निरोपच पोचत नव्हता.

आषाढात रात्री दीड वाजता भोंगा वाजला आणि सगळी वाडी गोळा झाली, ती चूक पूर्णपणे माझी. मी मे महिन्यातल्या दाराला डबी लावली. आपलं मागचं दार फणसाचं. पाऊस लागला की ते फुगतं आणि चौकटीत पुरतं बसतच नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पावसाळाभर ते खांद्याने रेटूनच लावावं लागतं. तरी मी बोटभर फट मोजली आणि खूश झाले. पुस्तिकेत लिहिलंय की दोन तुकड्यांत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. फुगलेल्या दाराने ते केव्हाच ओलांडायला आणलं होतं, वाऱ्याने जरा धक्का दिला आणि पट्ट्या सुटल्या. मांजराचा काही दोष नव्हता. उगीच त्याला त्या रात्री काठी बसली.

यावर उपाय असा. नाना सुताराला बोलावतील. फळीवरच्या छोट्या तुकड्याखाली लाकडाची पातळ चिपटी घालायची म्हणजे चुंबक पुढे येईल. दिवाळीनंतर दार आकसलं की चिपटी काढायची. आणि दोन्ही तुकडे स्क्रूने बसवून घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारी ती पट्टी शहरातल्या गुळगुळीत दाराला ठीक आहे, आपल्याकडे दमट हवेत आणि तेलपाणी केलेल्या लाकडावर ती टिकत नाही. सुताराला एवढंच सांगा की डबी कोयंड्याजवळ नको. लोखंड चुंबकाची ओढ आपल्याकडे वळवतं आणि काम बिघडतं. चार बोटं लांब असू दे.

लाईट गेली तर काय, हे बाबांनी विचारलं होतं. आपल्याकडे ‘गेली तर’ नाही, ‘गेली की’. पेटीत स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे लाईट नसतानाही भोंगा काही तास वाजू शकतो. पण इंटरनेटचा तो पांढरा डबा बंद पडतो, आणि मग मला इकडे काहीच कळत नाही. हे मला बसवताना माहीत होतं आणि तरी दोन महिने मी मोबाइल शांत आहे म्हणजे गावी सगळं ठीक आहे असं धरून झोपत होते. तो डबा इन्व्हर्टरच्या प्लगला लावून घ्या. टीव्हीच्या शेजारचा लाल रंगाचा प्लग.

आणि खरंच भोंगा वाजला तर? हे दोघांनीही नीट वाचा. दार उघडून बाहेर जायचं नाही. बाबा, काठी घेऊनही नाही. आतून कडी आहे, अडसर आहे, ते राहू द्यायचे. बाहेरचे सगळे दिवे लावायचे, नानांना फोन, नाही उचलला तर ११२. ही डबी कुणाला अडवत नाही, ती फक्त बोंब मारते. अडवायचं काम अडसराचंच. खिडकीची काच कुणी फोडली आणि झडप न उघडता हात आत घातला तर तिला पत्ताही लागणार नाही. म्हणून भोंगा चालू-बंद करायचा रिमोट खिडकीजवळच्या खुंटीला लावू नका. बाबांच्या चष्म्याच्या घरात राहू दे, चष्मा ते कुठेही विसरत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

परवा फोन ठेवताना बाबा म्हणाले, “तू आमच्यावर पाळत ठेवतेस.” मी तेव्हा “काहीतरीच काय!” म्हटलं. पण ते खरं होतं. भोंगा वाजला तरच मला निरोप येतो, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात कुठलंही दार उघडलं आणि लागलं की माझ्या मोबाइलवर वेळेसकट नोंद व्हायची. पहिल्या आठवड्यात मजा वाटली. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मागचं दार, म्हणजे आई सडा घालायला गेली. साडेसहाला पुढचं, म्हणजे दूध आलं. कामावर बसून मला आपलं अंगण दिसायचं. मग सवय लागली. मीटिंगमध्ये टेबलाखाली बघायला लागले. एका गुरुवारी दुपारभर एकही दार उघडलं नाही, तेव्हा मी आईला “पोळ्यांचं प्रमाण सांग” म्हणून फोन केला होता. आई, तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असणार. मी पोळ्या वीस वर्षं करतेय.

आणि बाबा, रात्री अडीच-तीनच्या सुमाराला मागचं दार उघडतं. गेल्या महिन्यात बऱ्याच रात्री. कधी पाच मिनिटांत लागतं, कधी पाऊण तासाने. मी तुम्हाला सरळ विचारलं नाही. आईला आडून विचारलं, “बाबांना झोप लागते ना?” आईने तुम्हाला सांगितलं, तुम्हाला सगळा उलगडा झाला, आणि दोनच दिवसांनी सेल निघाला. साखरेचं मशीन हे एक कारण होतं, मला वाटतं एकच नव्हतं. असो.

तुम्ही पडवीच्या पायरीवर बसायला जात असाल. मी लहान असताना काकूच्या आजारपणात तुम्ही असेच बसायचात, मला अर्धवट झोपेत तुमच्या बिडीचा वास यायचा. किंवा न्हाणीत जावं लागत असेल. तसं असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं, या वयात त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर औषधं आहेत. ते तुम्ही ठरवा. मला सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही सांगितलंत तरी मी पुन्हा आडून विचारणार नाही.

काल रात्री मी मोबाइलमधल्या त्या नोंदी बंद केल्या. आता भोंगा वाजला तर, आणि डबीने हजेरी लावायची थांबवली तर, एवढे दोनच निरोप येतील. गैरहजेरीचा निरोप ठेवलाय, कारण सेल संपला की डबी मुकाट्याने मरते आणि कुणालाच कळत नाही. तेवढ्याला तुमची हरकत नसावी. असेल तर तेही बंद करते, पण मग दर महिन्याच्या एक तारखेला चारही दारं-खिडक्या उघडून दिवा लुकलुकतो का ते बाबांनी बघायचं. गणपतीत मी आले की माझ्याच मोबाइलवर काय दिसतं ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा. माझ्या शब्दावर राहू नका.

रात्री मागचं दार उघडण्याआधी रिमोटवरचं उघड्या कुलुपाचं बटण दाबायचं, परत आल्यावर बंद कुलुपाचं. नाहीतर नाना पुन्हा कोयता घेऊन येतील, आणि या वेळी काठी तुम्हालाच बसेल.

शनिवारी बंटी गाडी घेऊन येतोय. त्याच्याबरोबर सहा सेल पाठवतेय. चार डब्यांचे, दोन आईच्या मशीनचे. कुठल्याचे कुठले यावरून भांडू नका, सगळे सारखेच आहेत. सामान सांगायचं राहिलं असेल तर त्याला शुक्रवारपर्यंत फोन करा.

आई, तू अजून रात्री मागच्या दाराला पालथी कळशी आणि तिच्यावर ताट ठेवतेस असं नाना म्हणाले. मी मे महिन्यात त्यावरून हसले होते. ठेवत जा. तिला सेल लागत नाही.

तुमची,
मनू

ता. क. गणपतीत चिंगी येईल तेव्हा हे सेल फडताळात वर ठेवा. ती जे दिसेल ते तोंडात घालते. हा सेल गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजून निघते, वाट बघायला वेळच नसतो. जुने काढलेलेसुद्धा वरच. बाबा, तुमच्या टेबलावरच्या स्क्रूच्या बशीत नाही.