उघाडी दुरुस्त करणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

आईच्या डाव्या पायाची जखम भरली त्याला गेल्या आठवड्यात सहा महिने झाले. "भरली म्हणून निर्धास्त होऊ नका, ही परत येते," असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून आभार मानायला इतके दिवस थांबले. नाव लिहू नका असंही तुम्हीच सांगितलंत, तेव्हा नुसतं सिस्टर.

आईने मालवणात २८ वर्षं खानावळ चालवली. पहाटेपासून ओट्याशी उभी. त्यात चार बाळंतपणं. पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा, घोट्याभोवती कातडी तपकिरी झालेली, सतत खाज. वयाचं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग झावळीचा एक ओरखडा घोट्याच्या आतल्या बाजूला लागला आणि दोन वर्षं भरला नाही. हळद झाली, एरंडाचं पान झालं, कॅप्सूल फोडून तिची पूड भुरभुरून झाली. साखर असणार म्हणून तीनदा रक्त तपासलं, साखर नव्हती. एका दवाखान्यात अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले. जखमेतून पाणी गळायचं, वास यायचा. आई भजनाला आधी मागच्या रांगेत, मग देवळाच्या दाराबाहेर बसू लागली, शेवटी जायचीच बंद झाली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तुम्ही जखम सगळ्यात शेवटी पाहिलीत. आधी तिला उभी करून दोन्ही पाय न्याहाळलेत, पावलावरची नाडी चाचपलीत, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावून घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर मोजलंत, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलंत. उत्तर १ च्या आसपास आलं. "०.८ च्या खाली असतं तर ही पट्टी अशी घट्ट बांधली नसती. पायाला रक्त पोचवणारी धमनीच अरुंद असेल तर आवळून पाय गमवायची पाळी येते," म्हणालात.

आईने विचारलं, "रगात वायट झाला काय माझा?" त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते ती आता येईल त्याला सांगते. तिच्या माहेरी खाडीकाठी खारजमीन. बांधाला उघाडी असते; ओहोटीला झडप उघडून पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. झडप कुजली की खारं पाणी मळ्यात तुंबतं आणि भात जळतं. शिरांतही अशाच झडपा असतात, रक्त वर गेलं की परत खाली येऊ न देणाऱ्या. त्या निकामी झाल्या की रक्त घोट्याशी तुंबतं, दाब वाढतो, कातडी आतून खराब होते. "आपण जळलेल्या भातावर औषध मारत बसलो होतो," हे तुमचं वाक्य. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पाण्याबद्दल बोललं.

मग दर मंगळवारी पट्टी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर सैल होत जाणारी. जखम साध्या पाण्याने धुवायची, भोवती व्हॅसलिन. सूज, ताप, लाली नाही तर अँटिबायोटिक नाही. झोपताना पाय छातीपेक्षा उंच, दिवसा चालणं, टाचा उचलणं. पोटरी हा पंप आहे म्हणायचात. पहिले तीन आठवडे आई रडली, पट्टी काप म्हणून माझ्यामागे लागली. तुम्ही पारदर्शक प्लास्टिकवर जखमेची कड पेनाने गिरवून आधीच्या आकृतीवर ठेवलीत. नवी आकृती आत बसली! त्या दिवसापासून तिने पट्टीची तक्रार केली नाही. १९ आठवड्यांनी कडा जुळल्या. निकामी शीर लेझरने बंद करायला सर्जनकडे तुम्हीच धाडलंत, तेही झालं.

आता अंथरुणातून उठायच्या आधी ती पायावर दाब देणारा घट्ट मोजा चढवते. सहा महिन्यांनी नवा घ्यायचा, हे तिनेच कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. एकादशीला भजनात पुढच्या रांगेत होती.

"सांग त्यांका, चवथीक येवा म्हणान," असा निरोप आहे. मोदक तीच वळणार आहे. ओट्याला उंच स्टूल आणलंय, बसूनच वळेल. मी लक्ष ठेवीन.

तुमची,
मंगळवारची पट्टी धरणारी लेक